काकांचा काढा आणि झोपाळू बुरशी

एकोडी, श्रावण

प्रिय करुणाताई, तुला रेणूचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींची नोकरी आणि पुण्याचं पाणी, तिन्ही ठीक असावीत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण इथे फोन फक्त ओट्यावर लागतो आणि ओट्यावर गोमाजीकाका बसलेले असतात.

त्यांच्या परसातल्या मोहाच्या कुजक्या खोडावर उगवणाऱ्या बुरशीवर नागपूरला माझं संशोधन चाललंय, हे तू जाणतेसच. गेल्या महिन्यात तिच्यात साखरेच्या आजारावर कदाचित उपयोगी पडेल असं द्रव्य बनवणारी जनुकं सापडली. (म्हणजे पाककृती सापडली, स्वयंपाक नाही. प्रयोगशाळेत ती जनुकं घोरत पडली आहेत. बुरशीला उपाशी ठेवलं, गारठवलं, तरी थेंब देत नाही.) आनंदाच्या भरात मी हे काकांना सांगितलं. त्यांनी त्यातलं 'साखर' आणि 'आपलं खोड' एवढंच ऐकलं.

परवा त्यांच्या कुंदनचा फोन आला. "रेणू, बाबा ते बुरशी उकळून पिऊन राहिले. डॉक्टरच्या गोळ्या बंद करतो म्हणते."

ती विषारी आहे की नाही, हे अजून कुणी तपासलेलं नाही. (मीही नाही.) तशीच एसटीत बसले. अर्ध्या वाटेवरचं शहापूर यायच्या आत नवस बोलायला देव उरले नाहीत.

पोचले, तर काका टवटवीत. "पोरी, तुह्या औषधानं मले लय हलकं वाटून राहिलं." मला रडूच फुटलं. सुलोचनाकाकूंनी हात धरून आत नेलं.

"कायले रडून राहिली? ते बुरशी मी पयल्याच दिवशी उकिरड्यावर फेकली. ज्या गंजात चहा करतो, त्यात ते कुजकं उकळू काय? हळद-आल्याचं पाणी देऊन राहिली त्याईले."

"आणि गोळ्या?"

"गोळीबिगर काढा लागू होत नाही म्हणून सांगतलं. गपचूप घेते."

मी चुलीपाशीच बसकण मारली आणि दोन ताटं भात जेवले. काल दवाखान्यात काकांची साखर तपासली, उत्तम आहे.

तुझी
रेणू

ता. क. खोडावरची बुरशी जागी असते का, हे बघायला माझ्या मार्गदर्शक मॅडमना ताजी हवी आहे, आणि काकूंनी तर खोड पार खरवडून काढलंय. उन्हाळ्यात तू शोभेसाठी त्याच खोडाचा तुकडा नेला होतास ना? त्यावर काही उगवलं असेल, तर भाऊजींना घासू देऊ नकोस. कागदात गुंडाळून पाठव. पत्र खरं तर त्यासाठीच.

पुन्हा ता. क. काकूंचा निरोप: राखीला येताना भरपूर आलं आण. काढ्यासाठी आता अर्धी आळी ओट्यावर येऊन बसते, आणि कुणाचीच गोळी चुकत नाही.