पंचवीस मतं कमी

२७ जुलै, रविवार

तारीख मिळाली. ११ ऑगस्ट, सोमवार. गावातल्या सगळ्या बायकांनी मत द्यायचं, दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या. उभी म्हणजे राहू द्या, आडवी म्हणजे बंद. यादीत बायका आठशे बेचाळीस. त्यातल्या निम्म्याहून जास्त आडव्या पाहिजेत, म्हणजे चारशे बावीस. जी घरी बसली ती दुकानाच्या बाजूनं, असाच त्याचा अर्थ.

नेमका श्रावणातला सोमवार! दरवर्षी विश्वंभर महाराज बायकांना तीन जीपा करून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला नेतात. आज स्वतःच म्हणाले, "यंदा नागनाथ एक सोमवार थांबंल. त्याला काय घाई हाय?"

मी नऊ वर्षांची होते. पोरीच्या जातीनं कीर्तनाला उभं राहू नये असं गाव म्हणत होतं. तेव्हा ह्याच माणसानं माझ्या हातात टाळ दिले. बापानं दिलं नाही ते त्यांनी दिलं.

३१ जुलै

मशिदीसमोर सभा. हाफिज मुनीरसाब आपल्याच लोकांना बोलले— "घर में दारू आयी तो चलती, औरत मत देने कू निकली तो न्हाई चलती? ये कौनसा मजहब है?" दोघे म्हातारे उठून गेले. हाफिजसाब थांबले नाहीत.

भंते शीलरत्न सकाळी सहालाच वस्तीत दारोदार. तांड्यावर चंदाबाई. तिचा शंकरसिंग जानेवारीत पिऊन कालव्यात पडला, तो दुसऱ्या दिवशी सापडला. ती कुठं बोलत नाही, नुसती माझ्याबरोबर चालते. तिला बघितलं की बायका आपणच गप्प होतात, मग हो म्हणतात.

४ ऑगस्ट

घसा बसला. हळदीतल्या खुरपणीवर बांधाबांधानं फिरले. हे म्हणाले, "महाराजांकडचे निरोप मी बघतो, तू गावात फिर." बरं वाटलं. पंधरा वर्षं माझ्यामागं पखवाज वाजवतात, पण ह्या कामात आजच पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

१० ऑगस्ट, रविवार

उद्या. जेवण गेलं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

हरलो.

आठला शाळेत मतदान सुरू झालं. वस्तीतल्या बायका नऊच्या आत मोकळ्या झाल्या. मोहल्ल्यातल्या आल्या, काहीजणी आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून आत आल्या. तांडा चालत आला, पुढं चंदाबाई. आणि आमच्याच गल्लीत दारं बंद. केशरबाईचा नवरा ओट्यावर बसलेला. म्हणला, "ती तं पाटंच गेली जीपनं. महाराज घेऊन गेले समद्यायला औंढ्याला."

तीन जीपा. छत्तीस बायका.

फोन लागेनात. हाफिजसाबांनी काही विचारलं नाही, मोटारसायकल काढली. भंते मागं बसले. श्रावण सोमवार, औंढ्यात पाय ठेवायला जागा नाही. भंते रांगेच्या कडेनं एकेकीचं तोंड बघत गेले, हाफिजसाब रस्त्यावर जीपा शोधत फिरले. एक जीप सापडली. नऊ बायका दर्शन न घेता तशाच परत निघाल्या.

शाळेचं फाटक पाचला बंद झालं. त्या पोचल्या पाच वीसला. केशरबाई फाटकाला धरून खाली बसली. "महाराजच म्हणले, मत पुढं गेलं. आमाला काय म्हाईत."

आडव्या पडल्या तीनशे सत्त्याण्णव. पंचवीस कमी.

१२ ऑगस्ट

महाराजांकडे गेले. पाया पडले नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

विचारलं, "मत पुढं गेलं, हे तुमाला कोणी सांगितलं?"

ते शेंगा फोडत होते. हातातली शेंग सोलून खाली ठेवली. मग— "माझ्या समजण्यात चूक झाली, बाई."

"चूक? तारीख तुमच्यासमोर ठरली. कोणी सांगितलं, तेवढं बोला."

"चुकलं माझं. दुसरं काय सांगू."

पार्वतीबाई, त्यांच्या घरच्या, दारात आल्या. काही बोलणार होत्या. महाराजांनी नुसतं वर बघितलं, त्या आत गेल्या.

गेल्या वर्षी देवळाच्या मंडपावर पत्रे टाकून दिले ते दुकानवाल्यानंच. आज वर बघितलं तर ते पत्रे चकचकीत दिसले.

१३ ऑगस्ट

फसवलं. परक्यानं फसवलं असतं तर सोसलं असतं.

१५ ऑगस्ट

झेंड्यानंतर चंदाबाई भेटली. मला वाटलं रागावेल. म्हणली, "ताई, ते म्हातारं असं करनार न्हाई." मी तिलाच बोलले— "तुझा माणूस गेला, तरी तुला त्यांचीच बाजू घ्यायची?" ती खाली बघून निघून गेली. माझ्या तोंडून हे निघायला नको होतं.

ह्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. म्हणाले, "झालं ते झालं. काहून उगाळतीस?"

१७ ऑगस्ट, रविवार

देवळात कीर्तन माझं होतं. महाराज नेहमीसारखे पुढं बसले. मला वाटलं होतं येणार नाहीत.

मी बोलले. ठरवून बोलले. म्हटलं, दुसऱ्या धर्माचे दोघं आपल्या लेकीबाळींसाठी रांगेत भटकले, आणि ज्याच्या पायावर आपण डोकं ठेवतो त्यानं आपल्या बाया देवाच्या नावानं पळवल्या. पत्र्यांसाठी. नाव घेतलं, विश्वंभर महाराज.

पखवाज मध्येच थांबला. महाराज उठले, वीणेला हात जोडले, गेले. जोडा पायात घालायला त्यांना फार वेळ लागला. कोणी हात दिला नाही.

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल.

१८ ऑगस्ट

हाफिजसाब आले. ओसरीवरच बसले. "ताई, नाम नक्को लेना था. पैले पूरा पूछना था."

म्हटलं, विचारलं. बोलले नाहीत ते.

"जो अपने वास्ते नै बोलता, वो किसके वास्ते चुप है— वो तो पूछो."

मला राग आला. पोळलं कोण, आणि समजावायचं कुणाला? चहा न घेता गेले. भंतेंनीही कालपासून फोन उचलला नाही.

२१ ऑगस्ट

महाराजांकडे हरिपाठाला कोणी जात नाही म्हणे. पिठाच्या गिरणीवर पार्वतीबाई दिसल्या, त्यांचा डबा शेवटी दळला. मी तोंड फिरवलं.

२४ ऑगस्ट

दुपारी पार्वतीबाई आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मालकानं शपथ घातली व्हती, तरी सांगते. मत पुढं गेलं हा निरोप मताच्या आदल्या दिवशी तुझ्याच नावानं आला. घेऊन आला देविदास. तुझा नवरा. मालक म्हणले, माझं नाव गेलं तं जाऊ दे, पोरीचं घर मोडंल."

देविदास आत पखवाजाला कणीक लावत होता. विचारलं. नाही म्हणाला नाही. "तू जितली असतीस तं गावानं मला काय म्हणून वळखलं असतं?"

वही तेवढी घेऊन निघाले. महाराजांच्या ओसरीवर बसून लिहितेय. ते अजून शेतातून आले नाहीत.