मागून येणारी

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. पुलाच्या कामावर धूळ फार असेल, नाकाला रुमाल बांधतेस की नाही? थंडीत खांदा दुखतो का? गरम पिशवीचा शेक घेत जा, आळस करू नकोस.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आम्हाला दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवत. सिस्टर बाकांमधून फिरायच्या आणि जिने पहिल्याच ओळीत स्वतःचं रडगाणं लावलं असेल तिचा कागद परत करायच्या. आधी समोरच्याची चौकशी, मग हवापाणी, मग आपलं. ते वळण अजून सुटलेलं नाही, चालवून घे.

हवापाणी ठीक. घरात सध्या एकच विषय आहे आणि तो तुला नको आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याला वगळून झाडू मारायचा तर सगळं घरच केरात राहील. तर ऐक. बाबांनी यंदा त्या डोंगरातल्या लांबच्या सायकल शर्यतीत नाव दिलं आहे. तुम्ही दोघं जाणार होतात तीच. किती दिवस चालते, वाटेत ओळखीच्या माणसाच्या हातून घोटभर पाणीही घेता येत नाही, सगळं आपलं आपण वाहायचं, आपली सायकल आपणच दुरुस्त करायची, हे सगळं तूच मला पहिल्यांदा सांगितलंस. तेव्हा मी म्हटलं होतं की ही शर्यत आहे की शिक्षा. आता मीच शिलाई मशीनवर बसून सायकलच्या दांड्यांमध्ये बसणारी तिकोनी पिशवी शिवते आहे. जाड कापडाने दोन सुया मोडल्या.

सराव म्हणशील तर घरदार, चष्म्याचं दुकान सगळं त्याला जुंपलं आहे. दुकान उघडण्याआधी मनोऱ्याच्या टेकडीवर चढ-उतार. दंतवैद्याकडे जायचं तरी डोंगरावरून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या मागच्या खोलीत जागच्या जागी पॅडल मारत बसतात, आणि बाहेर भिंगं घासायचं यंत्र चाललं आहे की बाबा चालले आहेत हे आवाजावरून कळत नाही. बसून बसून इतके सोलवटले आहेत की जेवतात उभ्याने. शेजारीण मला म्हणाली, "या वयात लोक गुडघे बदलतात, तुमचे हे टायर बदलतात." मी म्हटलं, टायर स्वस्त पडतात.

थोड्या थोड्या वेळाने खायची सवय व्हावी म्हणून मनगटावर गजर लावला आहे. परवा एका बाईंचे डोळे तपासताना तो वाजला. बाबांनी तोंडात खजूर टाकला आणि तसंच म्हणाले, "हं, खालची ओळ वाचा." बाईंना वाटलं, तपासणीचाच भाग असेल.

सगळ्या पिशव्यांवर मी धाग्याने नावं घातली आहेत. उजवी: ट्यूब आणि पंप. डावी: खाऊ. पुढची: अंथरूण. बाबा म्हणतात, झोप नसली की डोकं चालत नाही, तिथे सगळेच असं करतात. मीही तेच म्हणते.

आणि एक गंमत. बाबांनी शिंप्याचा चष्मा टपालवाल्याला दिला आणि टपालवाल्याचा शिंप्याला. दोघंही भले, आठवडाभर काही बोलले नाहीत. समोरच्यांची पत्रं आमच्याकडे आली आणि माझ्या ब्लाऊजची एक बाही आखूड झाली, तेव्हा उलगडा झाला. आम्ही खूप हसलो.

जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई


३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप पोचला. "आई, तू लिही. पण बाबांचं नको." एवढ्या दोन वाक्यांवर मी आठवडा काढला. मोबाईल उघडून पुन्हा पुन्हा वाचत होते. पहिलं वाक्य.

तर बाबांचं नको. मग काय सांगू? मांजरीने शिलाईच्या डब्यात मुक्काम केला आहे. कपडे धुवायच्या यंत्राचा आवाज आता लहान बाळ रडल्यासारखा येतो, दुरुस्तीवाला म्हणतो की तेवढं चालायचंच. शाळेतल्या मैत्रिणीचा खूप वर्षांनी फोन आला. आम्ही दोघींनी फोनवरच प्रार्थना म्हटली, सगळी पाठ होती, एक शब्द चुकला नाही. नंतर मी कितीतरी वेळ फोन हातात घेऊन बसले. लहानपणचं इतकं घट्ट राहतं आणि काल-परवाचं हाताला लागत नाही, असं का असतं कोण जाणे.

शिंपी बुधवारी घरी आला होता. एकटा नव्हता. बाबा सकाळी कोपऱ्यावरून पाव आणायला गेले होते. चालतच. शिंप्याला ते बसस्थानकावर दिसले, पावाची पिशवी छातीशी धरून गाड्यांच्या पाट्या वाचत उभे. त्याने विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले, घरी. शिंपी शहाणा आहे. "मीही तिकडेच निघालोय, चला," म्हणाला आणि दारापर्यंत सोडून गेला. चहालाही थांबला नाही. बाबा मला म्हणाले की मुद्दाम लांबून आलो, पायांना सराव. मी हसले. मी हल्ली पटकन हसते.

बघ, तू नको म्हणालीस आणि मी त्यातच शिरले. पण एक सांगते आणि थांबते. सायकलवर ते कधी चुकत नाहीत. पुढे ते वाट दाखवणारं लहानसं यंत्र असतं, त्यातली रेघ धरून अख्खा डोंगर फिरून येतात. रेघ सुटली की यंत्र ओरडतं आणि ते वळतात. चेहऱ्यावर असं समाधान घेऊन परत येतात की वाटतं, माणसाला घरातही अशी एखादी रेघ आखून देता आली असती तर.

शर्यत पुढच्या महिन्यात आहे. आणखी काही विचारायचं असेल तर विचार. नाही विचारलंस तरी चालेल.

तुझी,
आई


२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

या वेळी चौकशी आणि हवापाणी सोडून देते. सिस्टर कागद परत करतील, करोत.

त्याच सिस्टर आम्हाला असंही सांगायच्या की न बोलूनही खोटं बोलता येतं. मी बाबांना शब्द दिला होता की तुला काही कळवणार नाही. तो आज मोडते आहे. पत्र टाकून आले की त्यांना सांगेन. सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहीलच असं नाही, पण सांगेन.

डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्याच्या सुमारासच निदान केलं. मेंदूचा आजार आहे, विसरण्याचा. औषधाने वेग कमी होतो, वाट तीच राहते. मोटार चालवायची नाही, असं बजावलं. सायकलचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही दोघांनी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "पिशव्या शिवायला घे." मला तेव्हा राग आला होता. मग हळूहळू कळलं. त्या शर्यतीच्या तयारीत गजर, नावं घातलेल्या पिशव्या, पुढे आखलेली रेघ, हे सगळं सगळ्याच स्वारांना लागतं. त्यांच्यात बसलं की बाबा आजारी दिसत नाहीत. तयारीत असलेले दिसतात.

आता तुझ्या पडण्याबद्दल.

सरावाला गेलात तेव्हा तू त्या ओढ्यात पडलीस, खांद्याचं हाड मोडलं, तू हाका मारल्यास आणि बाबा थांबले नाहीत. दवाखान्यात तू विचारलंस, "हाक ऐकू आली नाही का?" आणि ते म्हणाले, "आली. पण वेळ चांगला लागत होता." मी तिथेच उभी होते. तुझा चेहरा मला दिसला होता. त्यानंतर तू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि मला कधी वाटलं नाही की तुझं चुकलं.

ते खोटं होतं, बाळा.

मला त्यांनी सांगितलं ते डॉक्टरांकडून आल्यावर, साखळी पुसता पुसता. माझ्याकडे न बघता. ते म्हणाले, "मी तिला टाकून नाही गेलो. ती बरोबर आहे हेच मला आठवत नव्हतं." खिंडीतल्या टपरीवर त्यांनी एकच चहा सांगितला. टपरीवाल्या बाईने विचारलं, ताई कुठे आहेत? तर म्हणाले, कोण ताई? ती हसली, तिला वाटलं तुमचं काहीतरी भांडण झालं असेल. तोवर लाकूडतोडे तुला खाली घेऊन गेले होते.

मी विचारलं, "आणि हाक?"

"हाक ऐकली. कोणीतरी कोणालातरी 'बाबा' म्हणून बोलावतंय, असं वाटलं."

मी साखळीचा फडका त्यांच्या हातातून घेतला आणि कितीतरी वेळ मीच पुसत बसले.

तुला हे सांगू म्हटलं तर म्हणाले नको. "स्वार्थी बाप तिला परवडेल. रागावेल, भांडेल, कधीतरी येईल. पण आपण बापाच्या लक्षातच नव्हतो, हे घेऊन तिने कुठे जायचं?" मी शब्द दिला. मला ते पटलं होतं. अजूनही निम्मं पटतं. हे वाचून तुला अधिक दुखेल की कमी, मला खरंच कळत नाही. पण राग धरायचा तर तो खऱ्या गोष्टीवर धरावास, एवढंच मला वाटलं.

आणि आता न सांगून चालणारही नाही. सोमवारी शर्यतीच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. बाबा मागच्या खोलीत पॅडल मारत होते म्हणून मी घेतला. ती फार गोड बोलली. म्हणाली, जोडीतल्या दुसऱ्या स्वाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. मी विचारलं, कुठली जोडी? तिने तुझं नाव वाचून दाखवलं. वडील आणि मुलगी, अशी एकच जोडी आहे, सगळ्यांना तुमचं फार कौतुक आहे, म्हणाली. जोडीने नाव दिलं की दोघांनी सोबतच निघायचं, एकट्याला सोडत नाहीत. मी म्हटलं, कळवते.

आत जाऊन मी बाबांना विचारलं. ते पॅडल मारायचे थांबले नाहीत. विसरल्यासारखं मीच वागते आहे अशा नजरेने बघून म्हणाले, "मग? ती येतेच आहे की."

भिंगरी, हे एक तुला लिहायचं मी दोन्ही पत्रांत टाळलं. गेले काही आठवडे ते सरावाहून आले की फाटक लावत नाहीत. सायकल भिंतीला टेकवतात, शिरस्त्राण काढतात आणि पायरीवर बसतात, बूटसुद्धा सोडत नाहीत. मी पाणी नेलं तर म्हणतात, "थांब, पोरगी मागून येतेय." त्या दिवशी ज्याला तू आठवली नाहीस, तो माणूस आता रोज तुझ्यासाठी थांबतो. पेला हातात तसाच.

पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं. म्हटलं, अहो, ती तिच्या कामाच्या गावी आहे, दीड वर्ष झालं. त्यांनी विचारलं, का? आणि मग मला सगळं सांगावं लागलं, ओढा, हाड, हाक. त्यांनी ते पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. तोंड वेडंवाकडं झालं. "मी तिला तिथे सोडून आलो?" एवढंच परत परत विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर बसले, पुन्हा "मागून येतेय," आणि मी मूर्खासारखी पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेच. रोज त्यांना नव्याने कळायचं आणि रोज ते नव्याने मोडायचे. आजारापेक्षा हे क्रूर होतं, आणि ते मी करत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुढचा हंगाम धरू नका. तोवर तुला समोर पाहून ते ओळखतील की नाही याची हमी त्या देत नाहीत. आत्ता ओळखतात. भिंतीवरच्या फोटोवरून बोट फिरवतात आणि तुझी सायकल कुठल्या मापाची आहे ते मला सांगतात.

तू ये, असं मी म्हणत नाही. डोंगरात ते तुला पुन्हा विसरणार नाहीत, असंही मी सांगू शकत नाही. तू आलीस तर तुझ्या जिवाचा घोर, जोडी मोडून त्यांचं एकट्याचं नाव घालायचं तर त्यांच्या जिवाचा, आणि नाव काढून घेतलं तर जे उरेल त्याच्याशी बोलायला फक्त मी. कचेरीतल्या त्या मुलीला मी अजून काही कळवलेलं नाही. आई म्हणून मला कुठलं उत्तर हवं आहे तेही विचारू नकोस. रोज बदलतं.

आजही आले. फाटक उघडं ठेवून पायरीवर बसले. उन्हात त्यांचे हात किती बारीक दिसत होते. मी पाणी नेलं. "पोरगी?" म्हणाले. मी आता खरं सांगत नाही. शेजारी बसते, रस्त्याकडे बघते आणि म्हणते, "चढ आहे हो. वेळ लागतो." मग ते मान डोलावतात, त्यांना ते पटतं, आणि आम्ही दोघं बसून राहतो.

असं किती दिवस म्हणू, तेवढं मला कळव.

तुझी,
आई