गाडीखालचं घमेलं

३ फेब्रुवारी
आंगन झाडलं. गाडीखालचं घमेलं ओढलं, आज बी बुड झाकेल इतकं काळं तेल. हे गेले दिवाळीच्या आंधी, तवापासून गाडी फाटकाबाहेर गेली नाई. अकोल्याहून जावई आले का बॅटरी मरू नये म्हनून सुरू करतेत, वरून तेल टाकतेत. खालून घमेल्यात पडते. ग्रामपंचायतीची गळकी टाकी झाली नुसती.
शेजारची कांता डबा घेऊन हजर. तिच्या दाराले वाळवी हाय, चौकटीले हेच काळं तेल फासते.
"वैनी, निंगालं काय वं?"
म्हनलं, "थांब बाई, पान्हावू दे थोडी."
थे हासली. मी बी हासली. तोंडच हासलं, बाकी काई नाई.
संध्याकाळी सुषमाचा फोन. "आई, इकून टाक नं थे गाडी. तुले चालवता येत नाई, नुसती गळते. अन् तू इकडं ये अकोल्याले."
म्हनलं, "मी बी गळतोच आता. मलेबी गिऱ्हाईक पाह्यजो एखांदं."
पोट्टीनं फोन ठेवला. बापावर गेली, थट्टा समजत नाई.

५ फेब्रुवारी
जावई आले. पांढरा शर्ट घालून गाडीखाली घुसले, बाहेर आले त पाठ काळी.
"आई, ऑइलचं चेंबर फुटलं."
"जावईबापू, हे पाह्याले झोपा लागते काय? घमेलं तीन महिन्यापासून सांगून राहिलं."
अकोटचं गिऱ्हाईक पाह्यलं म्हने. नऊ तारखेले येते. त्याच्या आंधी गळती बंद झाली पाह्यजे, नाई त सौदा मोडते. मी हो म्हनलं. नाई म्हनाले काई सुचलं नाई. वरन-भात वाढला.

७ फेब्रुवारी
मिस्त्री सलीमभाई आले. जॅक लावला, चेंबर उतरवलं, आंगनात उलटं ठेवलं. बाजेवरच्या पालथ्या गंज-पातेल्यावानी दिसे.
खरवडता खरवडता थांबले. "भाभी, ये लांबी किसने लगाई?"
म्हनलं, "तुमच्या दोस्तानं."
लांबीचा, भेगा बुजवाच्या लुकनाचा, वाळलेला ढेपसा निंगाला. त्याच्याखाली गुलाबी साबन.
हे होते तवाची गोष्ट, माह्या माहेराहून दोघं येत होतो. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, पांदनीत चेंबरले गोटा लागला. ह्याहीनं माही पिशवी उचकली, आंगाचा साबन काढला, थुका लावून दाबला फटीत. मी घरापावतर बोलत आली, "मी सांगतो तवा आंघोळ करत नाई, अन् गाडीले साबन लावता." घरी आल्यावर वरून लांबी थापली. म्हने, उद्या नेतो मिस्त्रीकडं. बुढ्याचा उद्या मोठा लंबा होता.
लांबीवर ह्याह्यच्या आंगठ्याचा ठसा होता. चांगला उमटला होता, बाजूची चीर बी दिसे, इळा लागला होता थे.
सलीमभाईनं थो ढेपसा माह्या हातात देल्ला. रडू यीन वाटलं. वाट पाह्यली. नाई आलं. मंग भाजी करपून राहिली होती म्हनून आत गेली.
चेंबर नेऊन वेल्डिंग करून आनलं, नवं पॅकिंग टाकलं, नवं तेल भरलं. खालचा एक नट दाखवला. "इसको हात मत लगाना भाभी. ये खुला तो सब तेल नीचे."
मले कायले सांगतलं थे, काय मालूम.

८ फेब्रुवारी
घमेलं कोरडं ठन.
कांता आली. "आटलं काय वैनी?"
"भाकड झाली."
कांता रिकामा डबा घेऊन गेली. आंगन झाडून झालं. मंग काय करत होती मी रोज, थे आठवत बसली.

९ फेब्रुवारी, सकाळी
ह्याह्यच्या पेटीतून पान्हा काढला. पोतं आथरलं अन् गेली गाडीखाली. पाठ लागली. नट फिरवला, जरासाच. एक थेंब आला, मंग दुसरा. घमेलं सरकवलं. बाहेर येऊन चहा मांडला.
कोनी इचारू नये. मलेच मालूम नाई.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
गिऱ्हाईक आलं. घरचेच वाटावे असे नवरा-बायको. बाई पाच महिन्याची पोटुशी. जावयानं मले न इचारता, जुनंच तेल समजून, घमेलं उचलून न्हानीत ठेवलं, बोनेट उघडून सांगतलं, "पाहा, एक थेंब नाई." मानूस म्हने, पसंत हाय, आत्ताच चालवत नेतो अकोटले, हिले एसटीचे हादरे नको.
मी दारात कपबश्या घेऊन. अकोट काई जवळ हाय काय. रस्त्यात तेल सरलं त इंजिन जाम होते, एवढं त आमचे हे सांगत जाय. अन् ही बाई बसलेली आतमंधी.
म्हनलं, "थांबा भाऊ. नट ढिल्ला हाय. म्या केला."
जावयाचं तोंड पाह्यासारखं झालं. मंग थे बाईच हासली, पोट धरून.
मानूस म्हने, "मावशी, म्हंजे तुमाले द्याची नाई काय?"
म्या कप उचलले.
बाई जाता जाता म्हने, "गुरुवारी येतो. तवापावतर कसा ठेवाचा थो नट, तुमी ठरवा."
जावयानं पान्ह्यासाठी हात पुढं केला. नाई देल्ला.

१० फेब्रुवारी
पान्हा उशाखाली होता. आंगठ्याचा ढेपसा बी. सकाळी पोतं आथरलं, गेली, नट फिरवला. किती, कोनीकडं, थे कांताले बी सांगतलं नाई.
सुषमाचा फोन. "आई, घट्ट केला काय?"
म्हनलं, "गुरुवारी पाह्यजो."
कांता डबा घेऊन फाटकात उभी. म्हनलं, बस, चहा पी आंधी. घमेलं अजून ओढलं नाई.