फाटकावरचा कडुलिंब

सौंसर,
११ नोव्हेंबर १९८७

चि. जावईबापू मधुकरराव यांस,

सप्रेम जयभीम. विजया, लेकरं आणि तुमची नवी सायकल सुखरूप असतील असं धरून चालतो. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? माझं अजून माझ्यापाशीच आहे. विजया मार्चपासून आली नाही याबद्दल मी काही लिहिणार नाही. नोकरदाराच्या बायकोला हजार कामं. (आमच्या वृद्धाश्रमात भेटीचा दिवस महिन्याचा दुसरा रविवार. मी इस्त्रीचा शर्ट घालून पाचच्या नागपूर बसपर्यंत बाकावर बसतो, पण ते हवेसाठी.)

पत्राचं कारण निराळं. मागच्या मंगळवारी नागपूरचे एक डॉक्टर थर्मासात बर्फ घालून फ्लूची लस घेऊन आले. त्यांच्या भावाने परदेशातून पाठवली म्हणे. आम्ही म्हातारे अकरा, सुया अकरा. नत्थूजी चौऱ्याऐंशी वर्षांचे, ते म्हणाले, “आता मले सर्दीनं नेलं काय अन् गर्दीनं नेलं काय!” मग मी उभा राहून विज्ञानावर चार शब्द बोललो. रेल्वेत एकतीस वर्षं काढली, तिगाव स्टेशनावर हिरवा कंदील दाखवला, तो माणूस सुईला भिणार आहे काय? बोलणं संपल्यावर डॉक्टरांनी पहिला मलाच बसवलं. त्यानंतर मी डोळे मिटून थोडा विचार केला. कांदा हुंगवून मला जागं केलं ही कलाबाईची अफवा आहे. कलाबाई आमचा स्वयंपाक करते आणि बाकी वेळ अफवा.

खरा घोटाळा प्रेमलताबाईंनी केला. दंड चोळत त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “हे देवी टोचल्यासारखंच नं?” डॉक्टरांना बस गाठायची होती. ते म्हणाले, “हो हो, तसंच समजा.” आता आमच्या वयाच्या लोकांना हे सांगायचं असतं काय बाप्पा? लहानपणी देवी टोचल्यावर घरात जे पाळत, ते सगळं सुरू झालं. सात दिवस फोडणी नाही, दाढी नाही, मोठ्यानं बोलणं नाही. कलाबाई नुसती उकडलेली डाळ वाढून राहिली. मी असल्या गोष्टी मानत नाही हे तुम्ही जाणता, पण बहुमताचा मान राखून मीही दाढी वाढवली. आणि बुधवारी सकाळी पाहतो तर फाटकावर कडुलिंबाचा डहाळा! म्हणजे बाहेरच्याला आत पाय ठेवायची मनाई. कोणी बांधला, काही कळलं नाही.

शनिवारी डॉक्टर आमचे दंड पाहायला आले. नत्थूजींनी त्यांना फाटकावरच पाय धुवायला लावले आणि वर आत येऊ दिलं नाही ते नाहीच. शेवटी आम्ही अकरा जण ओळीनं खिडकीपाशी गेलो आणि गजातून दंड दाखवले. डॉक्टर विचारून राहिले, “अहो, पण काहून?” प्रेमलताबाई म्हणाल्या, “तुम्हीच तं सांगितलं!”

रविवारी प्रेमलताबाईंचा मुलगा पांढुर्ण्याहून संत्री घेऊन आला. संत्री भिंतीवर ठेवून रस्त्यावरूनच रामराम करून गेला. बाकीच्यांचेही असेच परत गेले. बाकावर कोणीच बसलं नाही. मला काही वाटलं नाही. संत्री गोड होती.

बाकी क्षेम. लेकरांना आशीर्वाद.

आपला सासरा,
गुणवंता

ता.क. सात दिवस सरले, फोडणी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, अजून आठेक दिवसांत लस अंगात पुरती भिनेल. म्हणजे पुढं माझ्याजवळ लेकरं आणायला कसलीच हरकत नाही. सहज लिहिलं.

आणखी एक. डहाळा मीच बांधला होता. दुसरा रविवार येऊन राहिला होता, आणि या खेपेला शर्टाला इस्त्री करायची माझी हिंमत झाली नाही. हे विजयाला सांगू नका, तिला वाईट वाटेल. तिला फक्त तेरा डिसेंबरचा रविवार सांगा. सौंसरात कडुलिंब पुष्कळ आहे, पण डॉक्टरांजवळची लस संपली.