जुना तुकडा आधी

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, यांची पान्यांची पेटी. आणि ताटात सहा पिना, बोटाएवढ्या. यांनी प्रत्येकीला कुंकू लावलं, मधल्या खाचेत बोट फिरवून. देवालाही इतक्या निगुतीने लावत नाहीत.

पिना लेकीच्या, स्मृतीच्या यंत्रासाठी. कॅनडात तिच्या घरामागे एक जुना, बागेतला छोटा ट्रॅक्टर आहे. घराबरोबरच आला. हिवाळ्यात त्याच्या तोंडाला बर्फ फेकणारं यंत्र जोडायचं. आत लोखंडी पाती फिरतात, बर्फ ओढतात, वरच्या नळकांड्यातून बाजूला फेकतात. बर्फाखाली दगड अडकला की पिन खाचेत तुटते, पाती थांबतात, गिअरबॉक्स वाचतो. तुटण्यासाठीच केलेली वस्तू. बेळगोळला सुब्बरावांच्या लेथवर हे स्वतः उभे राहून करून घेऊन आले.

आज हत्याराला हात लावायचा नाही. हे दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. त्यांच्यामागून मी, काही कारण नसताना.

संध्याकाळी स्मृतीचा फोटो. ट्रॅक्टरच्या चाकाखाली संत्रं. 'लिंबू नव्हतं.' मी फोन यांच्यासमोर धरला. बघितला.

"तिला सांग, पुढच्या चाकात हवा कमी आहे."

तिला सांग. तीन वर्षं तिच्याशी थेट एक शब्द नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

देवश्री येऊन पिना घेऊन गेली. स्मृतीची कॉलेजातली मैत्रीण, तिकडेच नोकरी करते, दसऱ्याला आली होती.

"कृष्णवेणी मावशी, विमानतळावर विचारलं तर काय सांगू?"

"बर्फाच्या यंत्राचा भाग."

"म्हैसूरहून बर्फाचं यंत्र! मला आतच टाकतील."

हे आतून बाहेर आले. "मोठ्या बॅगेत टाक. हातात ठेवू नकोस." तिच्या नोकरीची, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. कॉफी दिली. सगळ्यांशी बोलतात.

तीन वर्षांपूर्वी स्मृती नवऱ्यापासून, रघूत्तमपासून वेगळी झाली तेव्हा हे म्हणाले होते, परत ये. ती म्हणाली, येणार नाही, माझं घर इथे आहे. हे म्हणाले, मग मला फोन करू नकोस. हे हॉलमध्ये उभे होते, कॅलेंडरखाली. तिने ऐकलं. दोघंही शब्दाला पक्के, एकाच मातीचे.

मागच्या हिवाळ्यात यंत्र बंद पडलं आणि ती माझ्याजवळ रडली. खोलीतून आवाज आला — "तिला विचार, पट्टा फिरतो का?" तेव्हापासून दर रविवारी साडेसहा वाजता मी फोन धरून उभी राहते. तिकडे सकाळचे आठ.

२१ ऑक्टोबर

वाचन होत नाही. तेच पान तीनदा. उठून भांडी आवरली. आवरलेलीच होती.

९ नोव्हेंबर, रविवार

तिकडे पहिला बर्फ. मी एका हातात फोन, एका हातात यांनी काढलेला आराखडा. हे खुर्चीत, फोनपासून तीन हात दूर, चित्रात दिसणार नाहीत असे.

पट्टा घसरत होता. यांनी ताणायचा कसा ते सांगितलं, मी सांगितलं, तिने केलं. माझ्या तोंडून जाताना अर्धं बदलतं. "स्प्रिंगच्या खालचा नट" म्हणाले, मी "स्प्रिंगखालची ती गोल वस्तू" म्हटलं. हे कपाळाला हात लावून बसले. तिकडून स्मृती म्हणाली, "आई, नट. कळलं मला." तिने ऐकलेलंच असतं. तरी मी सांगायचं.

मग ओला बर्फ नळकांड्याला चिकटतो म्हणाली. मी स्वतःच्या डोक्याने म्हटलं, खोबरेल लाव आतून.

"आई! इथे खोबरेल बाटलीतच दगड होतं. चाकूने कापून डोक्याला लावते मी."

हसली. खुर्चीतूनही हसण्याचा आवाज आला. दोन्ही हसणी एकदम थांबली.

२३ नोव्हेंबर, रविवार

पिन तुटली म्हणाली. दगड.

३० नोव्हेंबर, रविवार

आणखी एक. यांनी विचारायला लावलं, बर्फ किती होता. "चार इंच." यांनी चार इंच बोटांनी मोजून बघितले. मग नेहमीचं — "तिला सांग, जुने तुकडे आधी पाठव."

हा यांच्या कारखान्यातला नियम. तुटलेला भाग खिडकीवर जमा केल्याशिवाय स्टोअरवाला नवा देत नाही. तेहेतीस वर्षं बेळगोळच्या मेंटेनन्समध्ये काढली, आता तोच नियम मुलीला. मागच्या हिवाळ्यात सहा तुटल्या, सहाही पिनांचे तुकडे पाकिटातून आले, तेव्हा सहा नव्या गेल्या. पोस्टाचा खर्च पिनेच्या दहापट. मी एकदा म्हटलं तसं. "नियम आहे," म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार

आज तिने सकाळीच फोन केला, तिच्या रात्री. हे फिरायला गेलेले.

घर विकलं. एकटीला झेपत नाही. ऑफिसजवळ फ्लॅट घेतला आहे, पाचव्या मजल्यावर. एकतीस जानेवारीला किल्ल्या द्यायच्या.

"आणि ट्रॅक्टर?"

"घराबरोबर आला, घराबरोबर जाणार. यंत्रही. अप्पांना सांगू नकोस, आई. एवढ्यात नको."

बरं म्हटलं. फोन ठेवला. मग कळलं काय ते. पाचव्या मजल्यावर बर्फ काढायचा नसतो. साडेसहाला मी काय धरून उभी राहू?

१४ डिसेंबर, रविवार

यांनी पुढच्या वर्षीचं वेळापत्रक केलं. एप्रिल: टाकीतलं पेट्रोल काढणे. मे: पाती उतरवून घासणे, रंग. सप्टेंबर: ग्रीस, सहा ठिकाणी. प्रत्येक ठिकाणाला बाण. "तिला हे पाठव." फोटो काढला. पाठवला. तिने अंगठा पाठवला.

मी खोटी नाही. मी फक्त बोलत नाही. या घरात ते शिकायला वेळ लागत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

पाकीट आलं. हे नंजनगूडला लग्नाला गेले होते. मी उघडलं.

दोन पिना, चार तुकडे. खिडकीपाशी नेले. एकीच्या खाचेत कुंकू आहे. कोरडं, लाल, आयुधपूजेच्या दिवशी होतं तसंच. यंत्रात बसली असती तर ग्रीसमध्ये काळं झालं असतं. बसलीच नाही.

आणि तुटली खाचेत नाही. खाचेच्या शेजारी. तिथे बारीक रेघा, एकीला एक लागून. ज्वारीच्या धाटाला विळ्याचा काप बसावा तशी सपाट.

कापली आहे. दुसरीही.

तीस वर्षं मुलींना साहित्य शिकवलं. शब्द धरा, तपशील धरा. आणि पाकिटं येत होती, मी टेबलावर ठेवत होते.

हे बघतील. लोखंड वाचणारा माणूस. मुलीने फसवलं म्हणतील आणि उरलेलं एक वाक्यही बंद. तुकडे माझ्या कपाटात, साडीखाली.

२४ डिसेंबर, बुधवार

बसने बेळगोळला. यांना सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे.

सुब्बराव लेथवर होते. आजोबा कापड रंगवायचे, बापाने लेथ घेतला. हात अजून रंगाऱ्यासारखे, कोपरापर्यंत काळे. मला बघून स्टूल पुसलं.

"बसा अम्मा. सर नाही आले?"

मी तुकडे पुढे ठेवले. म्हटलं, दोन पिना अशा तोडून द्या की खऱ्या तुटल्यासारख्या दिसतील. यांना कळता कामा नये.

त्यांनी चष्मा वर केला, तुकडा दिव्याखाली धरला. मग लेथ बंद केला.

"कशाला अम्मा? सुम्ने, उगाच. सरांना माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"मागच्या वर्षीच घेऊन आले होते सगळे. पहिल्या दोन खऱ्या तुटलेल्या. बाकी चार आरीच्या. मला म्हणाले, सुब्बराव, बघ, इथून कापायला धरलं, अर्ध्यावर हात दमला, मग उलटी करून दुसऱ्या बाजूने. म्हणाले, ब्लेड बोथट आहे तिचं. चांगलं ब्लेड पाठवायला हवं."

"पाठवलं?"

"कसं पाठवणार? पाठवलं तर तिला कळतंय ना." मग हसले. "मी म्हटलं, सर, पिन थोडी मऊ करून देतो, पोरीचा हात तरी वाचेल. केली. या सहा मऊच होत्या."

रागीट माणूस असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं ते मला माहीत आहे.

परतताना बसमध्ये जागा होती. उभीच राहिले.

२५ डिसेंबर

तुकडे यांच्या टेबलावर ठेवले, पाकिटात, चिकटपट्टी लावून. यांनी पाकीट उघडलं, बघितलं, बिस्किटाच्या डब्यात टाकलं. चेहऱ्यावर काही नाही. "सुब्बरावकडे जायला हवं," म्हणाले.

२८ डिसेंबर, रविवार

सांगितलं. साडेसहाच्या आधी, जेणेकरून मला मागे फिरता येऊ नये. घर विकलं. फ्लॅट. यंत्र घराबरोबर जाणार.

पिनांचं सांगितलं नाही. ते त्यांचं आहे. दोघांचं.

हे टेबलापाशी गेले. मग, "पट्टा ताणलेला आहे. घेणाऱ्याला कळायला हवं." वेळापत्रक काढून इंग्रजीत लिहायला बसले, परक्या माणसासाठी. सहा बाण पुन्हा काढले.

साडेसहाला फोन वाजला. हे उठून बाहेर गेले. मी एकटीच बोलले. स्मृतीने विचारलं, समोरची खुर्ची आज रिकामी आहे का. म्हणजे तिला माहीत होतं, खुर्ची कुठे असते ते. मी म्हटलं, आज मी खुर्चीवर बसले आहे.

११ जानेवारी, रविवार

साडेसहा. हे फिरायला. या वेळी कधी जात नसत.

१९ जानेवारी

तुकड्यांचा बिस्किटाचा डबा टेबलावरून नाहीसा. विचारलं नाही. घरभर शोधला. पान्यांच्या पेटीत होता, तळाशी, फडक्यात गुंडाळलेला. जागेवर ठेवला.

२५ जानेवारी, रविवार

स्मृती म्हणाली, घेणाऱ्याने अप्पांचा कागद वाचला, तुझे वडील इंजिनियर आहेत का, विचारत होता. मी फोन खोलीच्या दारापर्यंत नेला. दार बंद नव्हतं. आत गेले नाही. सांगायचं कोणाला, काय?

१ फेब्रुवारी, रविवार

काल किल्ल्या दिल्या तिने. मी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, दोनदा. भाजी घ्यायची राहिली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रविवार नाही. पावणेसात. भाजी घेऊन आले तर खोलीतून आवाज. चपला न काढता दाराशी थांबले.

"स्मृती." नाव घेतलं. "तुझ्या त्या फ्लॅटमधला नळ गळतो का?"

फोन मोठ्या आवाजावर. मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"गळतो, अप्पा. खूप गळतो."

"वायसर गेला असेल. पाठवतो. जुना आधी इकडे पाठव."

फोन त्यांच्याच हातात होता.