भरतीचं मॉड्यूल

सोमवार, ९ जून. सकाळी ७
शुक्रवारी कॉलेजात माझ्या प्रोग्रामचा डेमो. भरतीला खाडीचं पाणी कुठवर चढेल हे सांगणारा, फोरट्रान या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिलेला. निमंत्रणपत्रिकेवर 'एकहाती निर्मिती' असं छापलंय. मीच छापायला सांगितलं. नव्या लॅपटॉपवर बिल्ड करायचा, म्हणजे सगळ्या फाइली जोडून चालता करायचा, अर्ध्या तासाचं काम.

दुपारी ४
एरर. भरतीचं मॉड्यूल, म्हणजे भरतीच्या गणिताचा भाग, सापडत नाही. काळजी नाही. एक फाइल दुसरीवर अवलंबून, क्रम चुकला की कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर रुसतो. क्रम लावत कोण बसतो! बिल्ड दोन-तीनदा चालवायचं, पहिल्या खेपेला अडलेलं दुसऱ्या खेपेला सुटतं. वीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. आज अकरा वेळा चालवलं. लॅपटॉप भिकार.

मंगळवार
जुन्या कॉम्प्युटरवरून भरतीची मॉड फाइल आणली, तिथल्या कंपायलरने पूर्वीच तयार करून ठेवलेली. तिच्या जिवावरच तिथे सगळं चालत होतं. नवा कंपायलर म्हणतो, ही जुन्या व्हर्जनची, चालणार नाही. मूळ कोड हवा. असेल कुठेतरी.

बुधवार
नाही. शुभदा म्हणाली, वल्लरीचं नाव वर होतं म्हणून तुम्हीच ती फाइल उडवलीत ना? बायकोला सगळं लक्षात राहतं. मी म्हटलं, फोल्डर साफ केला होता. वल्लरी माझी विद्यार्थिनी. भरतीचं गणित तेवढं तिचं. बाकी मेनू, हेडिंग सगळं माझं.
खाडीकाठच्या पूर्णा गावच्या भूपेशचा फोन, तोही डेमोला येणार आहे. गोडाऊन बांधतोय. म्हणाला, सर, पाणी गाळ्यात येल का न्हाय, तवढंच सांगा. तवढंच.

गुरुवार
वल्लरीला मेसेज केला. पाच मिनिटांत फाइल आली. टोमणा नाही, काही नाही. डेमोला येऊ का, एवढंच विचारलं. हॉल लहान आहे, असं कळवलं. बिल्ड पहिल्याच खेपेला झालं. प्रोग्राम सुरू होताच तिचं नाव पडद्यावर येतं. ती ओळ काढायची होती, पण हात धजला नाही. पुन्हा मोडलं तर?

शुक्रवार. संध्याकाळी
डेमो उत्तम. पाणी गाळ्यात येणार नाही, भूपेश खूश. चहाच्या वेळी त्याने जवळ येऊन विचारलं, पडद्यावरची ही वल्लरी कोण. मी म्हटलं, मदतनीस. त्याने तिचा नंबर मागितला, पुढच्या गोडाऊनचं काम आहे म्हणे. शेवटी कागदावर लिहून दिला.