पहिलं नाव ताईचं

पोन्से, ९ फेब्रुवारी २००९

ती. ओब्दुलियाताईस,

सा. न. वि. वि. (साष्टांगाला डॉक्टरांची मनाई आहे, उभ्यानंच गोड मानून घे. गोडालाही मनाई आहे म्हणा.)

फोनवर तू ओरडतेस आणि मला सध्या ओरडा सोसायचा नाही, म्हणून हे पत्र. जानेवारीत मला हार्ट अटॅक येऊन गेला आणि मला पत्ताच नाही! छातीत दुखलं नाही, नुसता घाम आणि थकवा. मी म्हटलं, तीन राजांच्या सणाचं डुकराचं मटण बाधलं. साखरेच्या पेशंटचं असंच होतं म्हणे.

इथल्या डॉक्टर किन्योनेसबाई अशा पेशंटांचा अभ्यास करतायत. रक्तात कसलंसं प्रथिन असतं, त्याचा प्रकार आईबापांकडून येतो. एका प्रकारच्या लोकांना साखर असेल तर अटॅकनंतर जास्त जपावं लागतं, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून त्यांना भावंडांचंही रक्त हवंय. फॉर्मवर पहिलं नाव तुझं लिहिलंय. ताबडतोब निघून ये.

तुझा,
एरिबेर्तो

अदहुंतास, १५ फेब्रुवारी

चि. एरिबेर्तोस अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, अटॅक हृदयाला आला की डोक्याला? माझं रक्त काय कामाचं? बेलेनआईनं मला शेजारच्या घरातून उचलून आणलं तेव्हा मी चार वर्षांची होते. एक फ्रॉक आणि एक कोंबडी, एवढंच घेऊन आले. तू त्यानंतर वर्षानं जन्मलास. साऱ्या गावाला ठाऊक आहे, तूच तेवढा विसरलास! फॉर्म वाचून बाई हसल्या असतील. मीही हसले, आणि मग चष्मा दोनदा पुसावा लागला.

मी काही येत नाही. कॉफीची तोडणी संपलीय, पण झाडांची छाटणी राहिलीय. हल्ली चढावर दोनदा बसावं लागतं, घामही फार येतो. वय झालं, दुसरं काय. तू गोळ्या वेळेवर घे, आणि पेरूच्या वडीकडे बघूही नकोस.

तुझी,
ओब्दुलिया

पोन्से, २० फेब्रुवारी

ती. ताईस, उभ्यानंच नमस्कार.

बाई खरंच हसल्या. अभ्यासातून तुझं नाव खोडलं. माझ्यासमोर खोडलं, ते मला आवडलं नाही. पण ‘चढावर दोनदा बसते, घाम येतो’ हे तुझ्या पत्रातलं वाचून दाखवलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं. ताईंची साखर किती वर्षांची, असं विचारलं. वीस म्हटलं. त्या म्हणाल्या, रक्त राहू दे, पण ताईंचा ईसीजी काढायला त्यांना उद्याच आणा.

माझा प्रकार नेमका जपायचाच निघालाय. तुझं रक्त वेगळं असेल, पण साखर आपण दोघांनी एकाच डब्यातली चोरलीय. तू आली नाहीस तर मीही गोळ्या बंद करणार, मग वर गेल्यावर आईला काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ. मला भीती वाटतेय, ताई. शनिवारी गाडी घेऊन येतोय.

तुझा,
एरिबेर्तो

अदहुंतास, ९ मार्च

चि. एरिबेर्तोस अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरी आठवडाभर बिनमिठाचं सूप प्यायले, त्याचा सूड म्हणून हे पत्र. हृदयाची बंद नस उघडायला नळी घातली ती जागा आता दुखत नाही. छाटणी शेजारी करतायत, मी खुर्चीत बसून चुका काढते. गोळ्या घेते. तूही घे. मला धमकी देणाऱ्याची आता सुटका नाही.

समोर बोलायचं राहून गेलं, ते लिहिते. मलाही न कळता अटॅक येऊन गेला होता. किन्योनेसबाई म्हणाल्या, अजून महिना गेला असता तर छाटणी माझीच झाली असती. त्या चढावर मी मुकाट्यानं मेले असते. तू फॉर्म नीट भरला असतास तर मला कुणी बोलावलंच नसतं.

आणखी एक. दवाखान्यातून निघायच्या दिवशी तू गाडी आणायला गेला होतास. नर्सनं आपले दोघांचे ईसीजी शेजारी धरले आणि म्हणाली, हे तुमच्या घराण्यातच दिसतंय.

मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

लोभ आहेच, तो वाढवत राहा. साखर तेवढी वाढवू नकोस.

तुझी सख्खी बहीण,
ओब्दुलिया